मोघम बोलणं आणि दोन अर्थांचं बोलणं

मालाच्या ऑर्डरीत घोळ झाला की दोन्हीकडून एकच वाक्य ऐकू येतं: "जरा स्पष्ट लिहायला काय झालं होतं?" मग पुढच्या मेसेजमध्ये विशेषणं वाढतात, इंग्रजी शब्द वाढतात, मेसेज लांबलचक होतो आणि घोळ तसाच राहतो. अस्पष्टपणा दोन जातींचा असतो. दोन्हींवर एकच उपाय करत राहिलं की असं होतं.

मोघमपणा सगळ्यांच्या ओळखीचा. "जरा गडद निळा", "जाडसर चादर", "दिवाळीच्या आधी द्या". हद्द नक्की कुठे, ते ठरलेलं नाही, एवढंच. मोघमपणाला आपण उगाच बदनाम केलंय असं माझं ठाम मत आहे. कारखानदार विचारतो "किती गडद?", नमुना दाखवतो, काम होऊन जातं. कायद्यालाही तो चालतो. 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 46 आहे: मुदत ठरली नसेल तर 'वाजवी मुदतीत' काम करायचं, आणि वाजवी म्हणजे किती, ते त्या त्या प्रकरणात पाहायचं.

आता दुसरी जात, दोन अर्थांचं बोलणं. हे वाक्य बघा: "लाल आणि निळ्या रंगाच्या 100 चादरी पाठवा."

यात अवघड शब्द एकही नाही, आकडा पक्का आहे, व्याकरण चोख आहे. तरी अर्थ तीन निघतात. लाल आणि निळ्या मिळून 100. लाल 100 आणि निळ्या 100, म्हणजे 200. किंवा 100 चादरी, प्रत्येकीत लाल आणि निळा दोन्ही रंग. बाहेरगावच्या माणसाला हा तिसरा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटेल. सोलापुरात तो सगळ्यात आधी सुचतो, कारण जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) चादरीत नक्षी उठते तीच दोन रंगांच्या सुतातून.

खरी मेख पुढे आहे. हे वाक्य वाचून कुणीच काही विचारत नाही. "गडद" वाचणाऱ्याला काहीतरी अपुरं असल्याचं जाणवतं, म्हणून तो फोन करतो. इथे मात्र प्रत्येकाला एक पूर्ण अर्थ मिळालेला असतो, आणि दुसरा अर्थ असू शकतो हे त्याच्या गावीही नसतं. पाठवणारा निर्धास्त, विणणारा निर्धास्त. चूक कळते ती गाठोडं सोडल्यावर. म्हणून "शंका असेल तर विचारा" ही सूचना मोघमपणावर चालते, दोन अर्थांवर तिचा शून्य उपयोग. शंका आलेलीच नसते.

याचं गाजलेलं उदाहरण कापसाच्याच धंद्यातलं आहे. मुंबईहून 'पिअरलेस' जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या 125 गाठींचा सौदा इंग्लंडमध्ये झाला. त्या नावाची जहाजं निघाली दोन, एक ऑक्टोबरात मुंबई सोडणारं, दुसरं डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, देणाऱ्याच्या मनात दुसरं. 1864 मध्ये निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. आपल्या करार कायद्याचं कलम 13 तेच सांगतं: संमती म्हणजे एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने दोघांनी हो म्हणणं.

घरातलं उदाहरण पाण्याचं. "तीन दिवसांआड पाणी येईल." सोमवारी आलं, तर पुन्हा कधी? मधले तीन दिवस कोरडे धरले तर शुक्रवार, दर तिसऱ्या दिवशी धरलं तर गुरुवार. एकाच वाड्यात दोन्ही हिशेब करणारी माणसं सापडतात आणि दोघांनाही आपलाच बरोबर वाटतो. "15 तारखेला रात्री 12 वाजता" हेही तसंच. गाडी 14 ची रात्र उलटताना आहे की 15 ची?

एक गोष्ट मला मनापासून खटकते. असा घोळ झाला की खापर फुटतं सोलापूरच्या भाषांवर: इथे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं मिसळलेलं, म्हणून म्हणे गोंधळ. हे साफ चूक आहे. घरी तेलुगू बोलणारा विणकर मराठीत ऑर्डर घेताना आकडा परत म्हणून दाखवतो, "लाल पन्नास, निळे पन्नास, बरोबर?" त्याचं लिंग-वचन चुकेल, पण माल चुकत नाही. अस्खलित मराठीवाले दोघं एकमेकांना गृहीत धरतात आणि फसतात.

त्यामुळे भाषा सुधारण्याआधी माझा आग्रह काही गोष्टींचा. आकड्यांच्या शेवटी बेरीज लिहा: "लाल 50, निळ्या 50, प्रत्येक चादर एकरंगी, एकूण 100." तारखेबरोबर वार लिहा, आणि पाण्याच्या सूचनेत "आड" न लिहिता थेट "सोमवारी, नंतर शुक्रवारी" लिहा. आणि समोरच्याला "समजलं ना?" विचारू नका. त्याचं उत्तर नेहमीच "हो" असतं, आणि ते खरंही असतं. "एकूण किती नग पाठवताय?" असं विचारा. 200 ऐकू आले, तर माग सुरू व्हायच्या आत कळेल.