शंभरपैकी शहाण्णव वाचली, म्हणजे किती चांगले?

जन्माला येणाऱ्या साधारण शंभर बाळांपैकी एकाच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो आणि त्यांतील अनेकांवर पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी आईवडील विचारतात, ‘इथे यशाचा दर किती?’ उत्तरादाखल एक टक्केवारी मिळते आणि मग दोन रुग्णालयांच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवून निर्णय घेतला जातो. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. मात्र ती टक्केवारी कोणत्या बाळांची, किती बाळांची आणि कोणत्या दिवसापर्यंतची आहे हे कळल्याशिवाय तिच्यावरून काहीही ठरवता येत नाही.

पहिली अडचण अशी की ‘जन्मजात हृदयदोष’ हा एक आजार नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला पडलेले छिद्र बुजवणे ही आज अनुभवी केंद्रांत बरीच सुरक्षित झालेली शस्त्रक्रिया आहे. महारोहिणी आणि फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी यांच्या जागांची अदलाबदल झालेली असेल, तर जन्मानंतर बहुधा काही दिवसांतच दोन्ही कापून पुन्हा योग्य जागी जोडाव्या लागतात आणि त्यासोबत हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्याही स्थलांतरित कराव्या लागतात. ज्या बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही, त्याच्यासाठी नॉरवूड शस्त्रक्रिया करतात आणि तीही एकूण तीन टप्प्यांपैकी केवळ पहिला टप्पा असते. या तिघांची सरासरी काढणे म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘क’ रुग्णालयात शंभर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी ९० सोप्या आणि १० अवघड. सोप्यांत एक बाळ दगावले, अवघडांत तीन, म्हणजे शंभरपैकी ९६ बाळे वाचली. ‘ख’ रुग्णालयात ४० सोप्या आणि ६० अवघड शस्त्रक्रिया झाल्या. सोप्यांत एकही मृत्यू झाला नाही, अवघडांत नऊ झाले, म्हणजे ९१ वाचली. जाहिरातीत ‘क’ पुढे दिसेल. प्रत्यक्षात अवघड शस्त्रक्रियांतील मृत्यूंचे प्रमाण ‘क’मध्ये ३० टक्के आहे आणि ‘ख’मध्ये १५ टक्के, आणि सोप्या शस्त्रक्रियांतही ‘ख’ची कामगिरी ‘क’पेक्षा सरस आहे. दोन्ही गटांत पुढे असलेले रुग्णालय एकूण बेरजेत मागे पडले, कारण त्याने अवघड बाळे स्वीकारली. केवळ बेरीज छापली, तर अवघड बाळांना दारातूनच परत पाठवणे हा आकडा सुधारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

म्हणून आधी जोखीम मोजावी लागते. २००२ मध्ये कॅथी जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये ‘रॅक्स-१’ ही पद्धत मांडली, ज्यात शस्त्रक्रियांची वाढत्या जोखमीनुसार सहा गटांत विभागणी केली होती. ही विभागणी मुख्यतः तज्ज्ञांच्या मतावर उभी होती. पुढे २००९ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय नोंदणीतील हजारो शस्त्रक्रियांच्या प्रत्यक्ष निकालांवरून ‘स्टॅट’ गुणांकन तयार झाले. ब्रिटनमध्ये वापरली जाणारी ‘प्रेझ’ ही प्रणाली शस्त्रक्रियेच्या प्रकारासोबत बाळाचे वय, वजन, निदान, हृदयाला कामाचा एकच कप्पा आहे का आणि इतर व्याधी आहेत का, हेही विचारात घेते. या साऱ्यातून प्रत्येक बाळासाठी अपेक्षित मृत्यूची एक संभाव्यता मिळते.

आता या विषयातील मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती पाहू. एक आलेख काढायचा. आडव्या अक्षावर शस्त्रक्रिया ज्या क्रमाने झाल्या त्या क्रमाने मांडायच्या. बाळाची अपेक्षित जोखीम एक टक्का, म्हणजे ०.०१ असेल आणि ते वाचले, तर रेषा ०.०१ ने वर न्यायची. दगावले, तर ०.९९ ने खाली आणायची. जोखीम १५ टक्के असलेले बाळ वाचले तर रेषा ०.१५ ने वर आणि दगावले तर ०.८५ ने खाली. म्हणजे सोप्या शस्त्रक्रियेतील एक मृत्यू भरून काढायला तशाच ९९ बाळांना वाचवावे लागते, तर नॉरवूडसारख्या अवघड शस्त्रक्रियेतील मृत्यू सहा यशस्वी शस्त्रक्रियांत भरून निघतो. जोखमीचा अंदाज बरोबर असेल आणि काम अपेक्षेइतकेच होत असेल, तर वर-खाली होण्याची सरासरी बरोबर शून्य येते. त्यामुळे ही रेषा कोणत्याही क्षणी अपेक्षेपेक्षा किती बाळे जास्त वाचली किंवा किती जास्त दगावली हे थेट दाखवते.

मात्र सरासरी शून्य आहे म्हणून रेषा शून्यावर सरळ धावत नाही. सरासरी तीन टक्के जोखमीच्या दोनशे शस्त्रक्रिया झाल्या, तर सहा मृत्यू अपेक्षित असतात. पण प्रत्येक शस्त्रक्रियेचे प्रचरण, म्हणजे निकालातील चढउताराचे माप, ०.०३ गुणिले ०.९७ इतके असल्यामुळे दोनशे शस्त्रक्रियांचे प्रमाण विचलन (दोनशेंच्या एकूण प्रचरणाचे वर्गमूळ, म्हणजे अपेक्षित आकड्यापासूनचा नेहमीचा फरक) सुमारे २.४ येते आणि त्याच्या दुपटीचा पट्टा धरला, तर दोन ते दहा यांमधला कोणताही आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. एखाद्या वर्षी दोनच मृत्यू झाले म्हणून अमुक सर्जनच्या हाताला यश आहे असे म्हणणारे आणि पुढच्या वर्षी नऊ झाले म्हणून त्यांचे ग्रह फिरले असे म्हणणारे, दोघेही बहुधा याच योगायोगाला नाव देत असतात.

या आलेखात आणखी एक उणीव आहे. जुन्या यशाची शिल्लक साठत जाते आणि तिच्या आडून नवी घसरण लपू शकते. त्यावर उपाय म्हणजे संचयी बेरीज, जिची कल्पना ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये कारखान्यातील उत्पादनावर नजर ठेवण्यासाठी मांडली. येथे प्रत्येक निकालाला दोन गृहीतकांच्या तुलनेतून गुण मिळतात: काम अपेक्षेप्रमाणे चालले आहे, की मृत्यूची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली आहे? तीन टक्के जोखमीच्या बाळासाठी मृत्यूला सुमारे ०.६६ गुण, तर बाळ वाचल्यास सुमारे वजा ०.०३. बेरीज शून्याच्या खाली कधीही जाऊ द्यायची नाही, म्हणजे आधीची पुण्याई जमेला धरायची नाही. बेरजेने ठरवलेली मर्यादा ओलांडली, की थांबून तपासणी करायची.

हे केवळ कागदावरचे गणित राहिलेले नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील सर्जन मार्क द लेव्हाल यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या कामाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. रोहिण्यांची अदलाबदल दुरुस्त करण्याच्या पहिल्या ५२ शस्त्रक्रियांत एकच मृत्यू झाला होता. मग ५३ ते ६८ या क्रमांकांदरम्यान सात झाले. त्यांनी याला दुर्दैव म्हणून सोडून दिले नाही, तर हीच संचयी पद्धत वापरून अशी घसरण किती लवकर लक्षात आली असती हे तपासले आणि कमी मृत्युदर असलेल्या केंद्राकडून पुन्हा शिकून घेतले. एवढा प्रामाणिकपणा सर्वत्र नव्हता. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालहृदय शस्त्रक्रियांच्या चौकशीच्या २००१ च्या अहवालानुसार १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बाळे त्या काळच्या सर्वसाधारण केंद्राच्या तुलनेत जास्त दगावली होती. भूलतज्ज्ञ स्टीफन बॉल्सिन तेथे आधीपासून आकडे गोळा करून इशारा देत होते. उलट बाजूही आहे: २०१३ मध्ये लीड्स येथे अपूर्ण नोंदींच्या आधारे बालहृदय शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या आणि थोड्याच दिवसांत त्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. नोंदीच अपूर्ण असतील, तर गणित कितीही नेमके असले तरी निष्कर्ष चुकतो.

‘शून्य मृत्यू’ या दाव्याबद्दल एक छोटा नियम उपयोगी आहे. काही शस्त्रक्रियांत एकही मृत्यू झाला नसेल, तर तीनला त्या संख्येने भागावे; खरी जोखीम तेवढी असण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीने नाकारता येत नाही. आपल्या ‘ख’ रुग्णालयाच्या ४० सोप्या शस्त्रक्रियांतील शून्य मृत्यूंचा अर्थ इतकाच, की जोखीम शून्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते.

मृत्यू कोणत्या दिवसापर्यंत मोजायचा, हा प्रश्नही साधा नाही. बरेच हिशोब तिसाव्या दिवशी थांबतात, पण यंत्रांच्या आधाराने बाळ अतिदक्षता विभागात त्यापुढेही राहू शकते आणि नॉरवूडनंतरची अनेक बाळे घरी गेल्यावर, दुसऱ्या टप्प्याआधी दगावतात. नॉरवूडमध्ये फुप्फुसांना रक्त पुरवण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या दोन प्रकारच्या नळ्यांची तुलना करणाऱ्या, उत्तर अमेरिकेतील १५ केंद्रांच्या चाचणीत एका वर्षानंतर प्रत्यारोपणाविना जिवंत असलेल्या बाळांचे प्रमाण ७४ आणि ६४ टक्के होते. सहा वर्षांनी ते ६४ आणि ५९ झाले आणि फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक उरला नाही. याच्या उलट घडलेलेही आहे. रोहिण्यांची अदलाबदल झालेल्या बाळांसाठी वरच्या कप्प्यांतून रक्ताची दिशा वळवण्याची जुनी पद्धत होती, जिचे तात्काळ निकाल उत्तम असत, पण शरीरभर रक्त ढकलण्याचे काम उजव्या कप्प्यावर पडल्यामुळे तो पुढे अनेकांत थकत असे. १९७५ मध्ये ब्राझीलचे सर्जन अदिब जातेने यांनी रोहिण्याच बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत अनेक केंद्रांत तिचा तात्काळ मृत्युदर जुन्या पद्धतीपेक्षा जास्त होता. केवळ तिसाव्या दिवसाचा आकडा पाहिला असता, तर दीर्घकाळात सरस ठरलेली पद्धत तेव्हाच टाकून द्यावी लागली असती.

आणि बाळ वाचले, तर ते कसे वाढले? बॉस्टनमध्ये १७१ बाळांवर झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेदरम्यान रक्ताभिसरण पूर्ण थांबवणे आणि यंत्राने कमी प्रवाह चालू ठेवणे या दोन पद्धतींची तुलना केली गेली. दोन्ही गटांत मृत्यू मोजकेच होते, त्यामुळे मृत्युदरावरून फारसे काही ठरले नसते. पण एक वर्षाच्या वयात पहिल्या गटाचा कारक, म्हणजे हालचालींचा, विकास मागे पडलेला दिसला. तीच मुले चार, आठ आणि सोळा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. सोळाव्या वर्षापर्यंत दोन्ही गट मिळून जवळपास दोन तृतीयांश मुलांना शिक्षणात किंवा वर्तनात विशेष मदत घ्यावी लागली होती. घरी सोडण्याच्या दिवशी बंद होणाऱ्या नोंदवहीत या सगळ्या मुलांपुढे ‘यशस्वी’ एवढाच शेरा असतो.