स्कझीचे जुने स्थिती-कोड: आतून साफसफाई, बाहेरून जैसे थे

डिस्क कुरकुरायला लागली की लिनक्सच्या जुन्या लॉगमध्ये हमखास एक आकडा उमटायचा. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, ०८ ०० ०० ०२. दिसायला एक, प्रत्यक्षात चार. स्कझी म्हणजे संगणकाने डिस्कसारख्या उपकरणांशी कसं बोलायचं याचं प्रमाणक. लिनक्समधला स्कझीचा मधला थर प्रत्येक आज्ञेचा निकाल ३२ बिटांच्या एकाच पूर्णांकात कोंबायचा आणि त्यातला प्रत्येक बाइट वेगळ्याच कोणाच्या तरी तोंडचा असायचा. सर्वांत खालचा बाइट डिस्कने स्वतः कळवलेली स्थिती, त्यावरचा बसवर (जोडणीच्या सामायिक तारांवर) आलेला संदेश, तिसरा होस्ट अ‍ॅडॉप्टरच्या (डिस्क जोडणाऱ्या कार्डाच्या) ड्रायव्हरचं म्हणणं, आणि सर्वांत वरचा, म्हणजे ‘ड्रायव्हर बाइट’, हा मधल्या थराचा स्वतःचा शेरा. वरच्या आकड्यात ०२ म्हणजे ‘चेक कंडिशन’: काहीतरी सांगायचं आहे, चौकशी करा. ०८ म्हणजे ‘ड्रायव्हर सेन्स’: चौकशी केली आहे, तपशील (‘सेन्स’) सोबत जोडला आहे.

स्कझी डिस्क आता फारशा कोण वापरतं, असं वाटू शकतं. पण लिनक्सवर साटा डिस्क आणि यूएसबी ड्राइव्ह याच थरातून जातात. त्यामुळे हे चार बाइट जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या पोटात होते.

मुळात जाऊ. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीचा सासी हा इंटरफेस १९७९ च्या सुमारास आकाराला आला, आणि त्यातूनच १९८६ मध्ये अमेरिकी प्रमाणक संस्थेने पहिला स्कझी मंजूर केला. त्या काळच्या स्थिती-बाइटमध्ये सर्वांत खालचं बिट कोडमध्ये धरलेलंच नव्हतं. दुसऱ्या स्कझीतही बिट १ ते ५ एवढाच कोड आणि बाकीची राखीव, अशी मांडणी होती. लिनक्समध्ये ड्रू एकहार्ट यांनी १९९२ मध्ये स्कझीचा पाया घातला, तेव्हाचं हे चित्र. राखीव बिट कशाला सांभाळायचं, बाइट एक घर उजवीकडे सरकवा आणि उरलेला आकडा वापरा, असा सरळ हिशेब झाला. त्या वेळचं प्रमाणक समोर ठेवलं तर तो चुकीचाही नव्हता.

पण नंतरच्या प्रमाणकांनी अख्खा बाइट हाच कोड मानला. गुड ००, चेक कंडिशन ०२, कंडिशन मेट ०४, बिझी ०८, रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट १८. लिनक्सच्या हेडरमध्ये (सामायिक व्याख्यांच्या फाइलमध्ये) मात्र सरकवल्याने निम्मे झालेले आकडे: चेक कंडिशन ०१, कंडिशन गुड ०२, बिझी ०४, इंटरमीजिएट गुड ०८. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. लिनक्सच्या यादीतला ०२ म्हणजे ‘अट पूर्ण झाली, सगळं ठीक’ आणि प्रमाणकातला ०२ म्हणजे ‘अडचण आहे’. लिनक्सचा ०४ म्हणजे ‘डिस्क व्यग्र’, प्रमाणकाचा ०४ म्हणजे ‘अट पूर्ण’. आकडे नुसते वेगळे असते तर गफलत लगेच उघडी पडली असती. इथे एका यादीतला आकडा दुसऱ्या यादीतही वैध, आणि अर्थ बरोबर उलटा. ड्रायव्हर लिहिणारे मग ‘चेक कंडिशन’ एक घर डावीकडे सरकवून निकालात भरायचे. कोणी सरकवायला विसरायचं, तर कोणी आधीच सरकवलेलं पुन्हा सरकवायचं. पुढे प्रमाणकाप्रमाणे मूल्यं असलेली दुसरी नावं आली आणि जुन्यांवर ‘ही वापरू नका’ अशी टिप्पणीही चढली. तरी दोन्ही याद्या वर्षानुवर्षं एकाच हेडरमध्ये सुखाने नांदत होत्या.

एवढंच असतं तर एखाद्या रविवारी शोधा-आणि-बदला करून विषय संपला असता. अडचण अशी की हे आकडे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर पडले होते.

बाहेर पडायची वाट म्हणजे ‘एसजी’ हा जेनेरिक ड्रायव्हर. मूळ लॉरेन्स फोर्ड यांचा, १९९२ चा. १९९८ पासून डग्लस गिल्बर्ट यांनी तो सांभाळला. युजर प्रोग्रामने थेट स्कझी आज्ञा पाठवायची आणि उत्तर वाचायचं, एवढंच त्याचं काम. स्कॅनर, सीडी रायटर, टेप, डिस्कची प्रकृती पाहणारी साधनं, सगळ्यांची ये-जा याच दारातून. त्याच्या जुन्या हेडरमध्ये ‘टार्गेट स्टेटस’ नावाचा रकाना आहे आणि त्याची रुंदी आहे बरोबर पाच बिट. म्हणजे सरकवलेला कोड नुसता बाहेर आला असं नाही, तर बाहेरच्या सांगाड्यात कायमचा ओतला गेला. प्रमाणकात पुढे ‘टास्क अबॉर्टेड’ ही स्थिती आली, हेक्स ४०. ती एक घर सरकवली की २० होते आणि २० ला सहा बिट लागतात. पाच बिटांच्या रकान्यात तिचं शून्य होतं. शून्य म्हणजे गुड.

कर्नल २.४ सोबत आलेल्या एसजीच्या तिसऱ्या आवृत्तीत गिल्बर्ट यांनी मधला मार्ग काढला. नव्या रचनेत ‘स्टेटस’ हा प्रमाणकाप्रमाणे पूर्ण बाइट, आणि शेजारी ‘मास्क्ड स्टेटस’ हा जुना, सरकवलेला. शिवाय संदेश, होस्ट आणि ड्रायव्हर यांना स्वतंत्र रकाने. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण नव्या प्रोग्रामना योग्य आकडा मिळाला आणि जुन्यांना त्यांचा नेहमीचा. मात्र त्यामुळे कर्नलचे अंतर्गत शेरेही बाहेरच्या प्रोग्रामांशी असलेल्या करारात पक्के झाले. ड्रायव्हर बाइट हा खरं तर घरातल्या घरातला निरोप होता. आता त्याचा सार्वजनिक पत्ता कायम झाला.

२.६ मध्ये हीच विनंती थेट डिस्कच्या डिव्हाइस फाइलवर करता येऊ लागली आणि प्रोग्राम आणखी वाढले. त्यांनी काय केलं ते स्मार्टमॉनटूल्स या डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या साधनात छान दिसतं. त्याच्या लिनक्सच्या भागात ड्रायव्हर बाइटची मूल्यं स्वतःच्या नावांनी पुन्हा लिहिलेली आहेत. आधी खालची चार बिटं वेगळी काढायची, मग उरलेला आकडा ८ असेल तर ती चेक कंडिशनचीच दुसरी खूण समजायची. वरची चार बिटं का गाळायची? तर कधीकाळी कर्नल तिथे सल्ले भरायचा: पुन्हा प्रयत्न करा, सोडून द्या, वगैरे. हे सल्ले कर्नलमधून कधीच गेले, पण ते गाळणारी चाळणी बाहेर शाबूत आहे. आकडे असे प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडमध्ये उतरवलेले असले की कर्नलचं हेडर बदलून, फेरकंपाइल करून काहीच साधत नाही. शिवाय बऱ्याच बायनरी (तयार प्रोग्राम) फेरकंपाइल होणारच नसतात.

८ या आकड्याला इतकं वजन येण्याचं आणखी एक कारण आहे. साटा डिस्कला स्कझीच्या वेष्टनातून एटीए (साटाच्या स्वतःच्या भाषेतल्या) आज्ञा पाठवताना ‘चेक कंडिशन द्याच’ असं सांगणारं एक बिट असतं. ते लावलं की आज्ञा यशस्वी झाली तरी डिस्कची रजिस्टरं सेन्स डेटात भरून येतात आणि स्थिती येते ०२. म्हणजे यशाची बातमीसुद्धा चुकीच्या वेषात येते. इथे स्थिती, सेन्स आणि ड्रायव्हर बाइट यांतलं एकही काही बदललं, तर धडधाकट डिस्कबद्दल भलताच निष्कर्ष निघू शकतो.

तरी आतून हे सगळं निरुपयोगी होत चाललं होतं. संदेशाचा बाइट समांतर बसच्या काळातला. फायबर चॅनल, आयस्कझी, एसएएस या नंतरच्या जोडण्यांत तसे संदेशच नाहीत, त्यामुळे तिथे कायम शून्य. ड्रायव्हर बाइटमध्ये सॉफ्ट, मीडिया, हार्ड अशी मूल्यं होती, जी धडपणे कोणी भरत नव्हतं. ड्रायव्हर सेन्सला एके काळी अर्थ होता. चेक कंडिशन आली की तपशिलासाठी वेगळी आज्ञा पाठवावी लागायची, आणि तो तपशील मिळाल्याची ही नोंद. पुढे सेन्स आपोआपच स्थितीसोबत येऊ लागला आणि ०२ म्हटल्यावर ०८ वेगळं सांगण्यात काही राम उरला नाही.

हा पसारा कर्नलवर काम करणारे हानेस राइनेके यांनी काढायला घेतला आणि त्यांची पॅच-मालिका (कोडमधल्या बदलांची) २०२१ मध्ये कर्नलच्या ५.१४ या आवृत्तीत आली. संदेश बाइट आणि ड्रायव्हर बाइट निकालातून गेले. समांतर बसच्या जुन्या ड्रायव्हरांसाठी संदेशाचा होस्ट-कोडमध्ये अनुवाद करणारं छोटं फंक्शन आलं: रद्द केल्याचा संदेश असेल तर ‘अबॉर्ट’, रीसेटचा असेल तर ‘रीसेट’, अनोळखी असेल तर सरळ ‘एरर’. दाराशी मात्र उलटी व्यवस्था. युजर प्रोग्रामला उत्तर देताना स्थिती चेक कंडिशन असेल तर ड्रायव्हरच्या रकान्यात ८ लिहायचं. कर्नलच्या आत हा आकडा आता कोणी ठेवत नाही, तो जाता जाता बनवला जातो. संदेशाच्या रकान्यात ‘कमांड कम्प्लीट’, म्हणजे शून्य. मास्क्ड स्टेटस पूर्वीसारखाच सरकवून. सरकवलेली यादीही सामायिक हेडरमधून निघून एसजीच्या हेडरपुरती उरली.

सर्वांत नाजूक काम मात्र आतच होतं. पूर्वी मेमरी मिळाली नाही की अंतर्गत फंक्शन वरच्या बाइटमध्ये ०४ भरून परतायचं. तो बाइटच गेल्यावर नेहमीचा उणे त्रुटी-कोड द्यायचं ठरलं. पण ‘मेमरी नाही’ याचा कोड उणे १२ हा ३२ बिटांत एफएफ एफएफ एफएफ एफ४ असा दिसतो. बोलावणाऱ्याने चिन्ह न पाहता त्याचे बाइट सुटे केले, तर त्याला ना डिस्कने दिलेली, ना ड्रायव्हरने दिलेली अशी स्थिती हाती लागते. त्यामुळे स्थिती तपासणाऱ्या छोट्या फंक्शनांना ‘आकडा उणे असेल तर पुढे पाहूच नका’ अशी अट आधी घालावी लागली. युजर प्रोग्राम मोडू नयेत म्हणून जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच कर्नलमधल्या बोलावणाऱ्यांसाठीही लागते. फरक इतकाच की त्यांना हात लावता येतो.

युजर प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा नियम लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ च्या डिसेंबरमध्ये चांगल्याच चढ्या आवाजात बजावला होता आणि तो आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. माझ्या मते तो जितका कडक वाटतो त्यापेक्षा मोकळीक जास्त देतो. दारातून काय जायचं हे एकदा ठरलं की आतल्या घराच्या भिंती पाडायला कोणाची हरकत नसते. गोची होते ती आत-बाहेर एकच नाव आणि एकच आकडा असला की. स्कझीचं दुखणं तेच होतं. एक घर उजवीकडे सरकवणं हे फार तर निमित्त.

होस्ट-कोडांच्या बाबतीत हाच प्रश्न २०२२ मध्ये आला. टार्गेट फेल्युअर, नेक्सस फेल्युअर, अ‍ॅलोकेशन फेल्युअर आणि मीडियम एरर हे चार कोड, हेक्स १० ते १३, मधल्या थराच्या अंतर्गत वापरासाठी होते. पण ते होस्ट बाइटमध्ये असल्याने काही ड्रायव्हर आपणहून ते भरू लागले. माइक क्रिस्टी यांच्या पॅचनी ते तिथून उचलून मधल्या थराच्या खासगी बाइटमध्ये नेले. हा खासगी बाइट बसला कुठे, तर वर्षभरापूर्वी रिकाम्या झालेल्या संदेश बाइटच्या जागी. युजर प्रोग्रामला उत्तर देताना तो पाठवला जात नाही. १० ते १३ या जागा मात्र परत वाटल्या नाहीत. होस्ट बाइट वाचणारे प्रोग्राम आहेत म्हणून हा गट मोकळा सोडला आहे, अशी टिप्पणी हेडरमध्ये आहे, आणि पुढचा कोड १४ वरून सुरू होतो.

लॉगच्या ओळीला असं संरक्षण पूर्ण मिळालं नाही. पूर्वी तिथे होस्ट बाइटच्या पुढे ‘ड्रायव्हर सेन्स’ छापून यायचं. ५.१४ पासून ‘ड्रायव्हर ओके’ हे शब्द छापणाऱ्या कोडमध्येच कायमचे लिहिलेले आहेत, आज्ञा फसली असली तरी. ओळीचा आकार तोच राहिल्याने तिचे तुकडे करणाऱ्या स्क्रिप्ट चालू राहतात. त्या जागी ‘सेन्स’ शोधणाऱ्यांना मात्र आता काही सापडत नाही.