शटडाऊनचा सोपस्कार आला कुठून?

वायर खेचली की सर्व्हर बंद पडतोच. मग रीतसर शटडाऊन कशाला? कारण ‘सेव्ह झालं’ हे संगणकाचं म्हणणं बऱ्याचदा अर्धसत्य असतं. डिस्क संथ आणि मेमरी चपळ, म्हणून मजकूर आधी मेमरीत ठेवायचा आणि सवडीने डिस्कवर उतरवायचा, ही युक्ती १९७० च्या दशकातल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही होती. तेव्हाची कोअर मेमरी चुंबकीय असल्याने वीज गेली तरी तिच्यातला मजकूर टिकायचा. सेमीकंडक्टर मेमरी आली आणि तोही आधार गेला.

युनिक्समध्ये साधारण दर ३० सेकंदांनी साठलेला मजकूर डिस्कवर ढकलला जाई. तरीही मशीन बंद करण्याआधी ऑपरेटर हाताने ‘सिंक’ टाइप करत, तेही तीनदा. अंधश्रद्धा वाटते, पण तिच्यामागे कारण होतं. ‘सिंक’ लिखाणाची रांग लावून लगेच परतायचं, काम पुरं व्हायची वाट पाहायचं नाही. तीन वेगवेगळ्या ओळी टाइप करण्यात जी काही सेकंदं जात, तेवढ्यात डिस्क उरकून घेई. पुढे लोक एकाच ओळीत तीनदा ‘सिंक’ लिहू लागले. मंत्र उरला, अर्थ गेला!

अचानक वीज गेली तर पुन्हा सुरू होताना अख्खी डिस्क तपासावी लागे, आणि डिस्क मोठ्या झाल्या तसे त्यात तास जाऊ लागले. जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची आधीच केलेली नोंद, ठेवणाऱ्या फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती) आल्या त्या यावर उपाय म्हणून: १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत एनटीएफएस, २००१ मध्ये लिनक्समध्ये ईएक्सटी३. मात्र जर्नल प्रामुख्याने फाइल सिस्टीमचा सांगाडा वाचवतं. मेमरीतून न उतरलेला मजकूर जातो तो जातोच.

पीसीचं बटणही बदललं. विंडोज ९५ ‘आता बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची पाटी दाखवून थांबायचं, कारण वीज तोडणारा खटका माणसाच्याच हातात होता. पीसीच्या मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या १९९५ च्या एटीएक्स रचनेने ते काम सिस्टीमकडे दिलं. बटण दाबणं ही तेव्हापासून नुसती विनंती झाली. चारेक सेकंद दाबून धरलं तरच जबरदस्ती.

नेटवर्क जोडणाऱ्या राउटर-स्विचची गोष्ट वेगळी. कित्येकांना बटणच नसतं, केबल काढायची. सिस्कोच्या उपकरणांवरच्या आयओएस या सिस्टीममध्ये (आयफोनची ती वेगळी) चालू कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंग, रॅममध्ये असतं आणि सुरू होतानाचं वेगळं जपलेलं असतं. चालू ते जपून ठेवायची आज्ञा म्हणजे ‘राइट मेमरी’. म्हणून ‘राइट मेमरी केलंस का?’ हा प्रश्न. आठ महिन्यांपूर्वी बदललेलं एखाद्या पोर्टचं सेटिंग सेव्ह करायचं राहिलं, तर ते आज रीस्टार्टनंतर गायब होतं, आणि दोष वीज जाण्यावर ढकलला जातो. जुनिपर कंपनीच्या राउटर-स्विचवरचं जुनॉस मात्र फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टीमवर उभं राहिलं. तिथे खरी फाइल सिस्टीम आहे, त्यामुळे केबलला हात लावण्याआधी हॉल्टची (थांबण्याची) आज्ञा द्यावी लागते.

बंद करण्याचा क्रमही अनुभवातूनच ठरला: आधी सर्व्हर, मग त्यांच्या डिस्क सांभाळणारं स्टोरेज, नेटवर्कचा स्विच शेवटी. यूपीएसचा ‘बॅटरी संपतेय, आवरा’ हा निरोप सर्व्हरपर्यंत बहुधा त्याच स्विचमधून जातो.