खांद्याच्या दुखापती : अनुभवी कुस्तीगीर आणि ज्यूदोपटूंमधील

कुस्ती, ज्यूदो, ब्राझिली जुजुत्सू यांसारख्या अंगाला अंग भिडवून खेळल्या जाणाऱ्या द्वंद्वक्रीडांमध्ये अनेक वर्षे सराव व स्पर्धा केलेल्या खेळाडूंच्या खांद्याला होणाऱ्या ताज्या आणि जुनाट इजांचा विचार या नोंदीत केला आहे. गुडघ्याप्रमाणेच खांदाही या खेळांत वारंवार दुखावतो. कुस्तीत तर दोन्ही खांदे एकाच वेळी मातीला किंवा मॅटला टेकले की मल्ल चीतपट, असा नियमच असल्यामुळे तो प्रतिस्पर्ध्याचे उघड लक्ष्य असतो. नवशिक्याची इजा बहुधा चुकीच्या पडण्यातून होते. मुरलेल्या मल्लाची इजा मात्र पुष्कळदा आधीच्या लहानमोठ्या इजांवर चढलेली असते आणि ती उशिरा ओळखली जाते, कारण दुखरा खांदा सांभाळून लढण्याचे कसबही त्याने अनुभवातूनच कमावलेले असते.

खांद्याचा सांधा उखळीचा असला तरी त्याची उखळ फार उथळ असते. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा सुमारे पाव ते एक-तृतीयांश भागच खवाट्याच्या खळगीत टेकलेला असतो. बाकीची स्थिरता खळगीभोवतीची लॅब्रम ही तंतुमय कड, सांध्याची पिशवी, अस्थिबंध आणि रोटेटर कफ म्हणून ओळखले जाणारे चार स्नायू व त्यांच्या कंडरा मिळून देतात. याच रचनेमुळे हा सांधा शरीरात सर्वांत मोकळा फिरतो आणि मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतोही. त्याच्या वर हासळीचे हाड खवाट्याच्या टोकाला जिथे मिळते, तो ए.सी. सांधा अंगझटीच्या खेळांत स्वतंत्रपणे दुखावतो.

वारंवार निखळणाऱ्या खांद्याची दखल प्राचीन ग्रीसमध्येही घेतली गेली होती. हिपॉक्रेटीसच्या नावे असलेल्या सांध्यांवरील ग्रंथात, एरवी उत्तम असलेल्या कित्येकांना या व्याधीमुळे व्यायामशाळेतील कसरती सोडाव्या लागल्याचे सांगितले आहे, आणि उपाय म्हणून काखेजवळ तापल्या लोखंडाचे डाग देण्याची पद्धत वर्णिली आहे. आतली फाटलेली कड हे निखळण्याचे मूळ असल्याचे इंग्रज शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ साली मांडले. त्या इजेला आजही त्यांचेच नाव आहे. निखळताना दंडाच्या हाडाच्या डोक्याला मागे पडणाऱ्या खाचेचे वर्णन हिल व सॅक्स यांनी १९४० साली केले.

ज्यूदोत इजा कशी होते हे पाहताना एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली स्थापन केलेल्या या खेळात सुरक्षित पडणे, म्हणजे उकेमी, हा पहिला धडा असतो. परंतु जोरात आणि स्वच्छ पाठीवर पडले की लढत तिथेच संपते. त्यामुळे अनुभवी खेळाडू स्पर्धेत उकेमी जाणूनबुजून टाळतो, हवेतच अंग वळवतो आणि पाठ वाचवताना खांद्याच्या टोकावर आदळतो किंवा हात टेकवून पडतो. टोकावर आदळल्यास ए.सी. सांध्याचे अस्थिबंध ताणले वा तुटतात, तर टेकवलेल्या हातातून वर गेलेल्या धक्क्याने मुख्य सांधा निखळू शकतो. ज्यूदोतील सेओइ-नागे आणि आपल्याकडची धोबीपछाड यांसारख्या, प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून फेकणाऱ्या डावांत हे विशेष घडते.

कुस्तीत पट काढण्याचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला खाली आणण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा म्हणावा लागेल. मल्ल खाली वाकून पुढे झेपावतो, त्याचा हात समोरच्याच्या मांडीमागे लांब गेलेला असतो आणि तेवढ्यात समोरचा मल्ल आपले पाय मागे फेकून छातीचा सगळा भार त्याच्या पाठीवर व खांद्यावर टाकतो. हात कोपरातून वाकलेला आणि बरगडीजवळ असेल तर भार धडावर जातो. तो लांबवलेला असेल तर दंड डोक्याच्या दिशेने ओढला जाऊन सांधा अर्धवट सरकतो व बहुतेकदा आपोआप परत बसतो. असे अर्धवट सरकणे मल्ल ‘रग लागली’ म्हणून सोडून देतात आणि लॅब्रमची फाट वाढत जाते. जुजुत्सूतील किमुरा पकडीत वाकवलेला हात पाठीमागे पिळला जातो. जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुरा यांनी १९५१ साली रिओ दि जानेरोत ब्राझिली जुजुत्सूचे एक जनक एलियो ग्रेसी यांचा हात याच पकडीत मोडला होता. या पकडीत वेळेवर हार मानणे हाच बचाव असतो.

जुनाट दुखण्याची वाट वेगळी आहे. जोर मारल्याने छाती व खांद्याची पुढची बाजू कसदार होते, दोर चढल्याने पाठीचे रुंद स्नायू वाढतात. हे दोन्ही गट दंड आत फिरवणारे आहेत. दंड बाहेर फिरवणारे मागचे लहान स्नायू त्या मानाने दुबळे राहतात, खवाट्याची हालचाल बिघडते आणि कंडरांवर सततचा ताण येतो. तालमीच्या परंपरेला नावे न ठेवताही मेहनतीतली ही उणीव मान्य करायला हवी आणि रबरी पट्ट्यांनी दंड बाहेर फिरवण्याचे साधे व्यायाम जोर-बैठकांच्या जोडीला आणायला हवेत.

दुखऱ्या कुशीवर झोपता न येणे, हात डोक्यावर नेताना मध्येच कळ येणे, आणि हात वर-बाहेर नेताच खांदा निसटेल अशी भीती वाटणे ही महत्त्वाची लक्षणे आहेत. चाणाक्ष वस्तादाला याआधीच कळते : मल्ल नेहमीच्या बाजूने पकड घेणे टाळू लागतो. मानेतून हातात आगीसारखी झिणझिणी उतरत असेल तर मूळ मानेच्या मज्जातंतूंत असू शकते. एक्स-रे, कंडरांसाठी सोनोग्राफी आणि लॅब्रमसाठी एमआरआय हा तपासणीचा क्रम साधारणपणे ठेवतात.

निखळलेला खांदा हाडवैद्याकडून बसवून घेण्याची रीत तालमींत जुनी आहे. त्यांच्यापैकी अनेकांचा हात कुशल असतो. तरीही एक्स-रे न काढता ओढल्यास सोबतचा अस्थिभंग नजरेआड राहतो व मज्जातंतूला इजा होऊ शकते, आणि ताज्या सुजेवर गरम तेलाने चोळल्यास सूज वाढते. विशीच्या आत प्रथम निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा संभव मोठा असतो, म्हणून अशा मल्लांत दुर्बिणीतून फाटलेली कड शिवण्याचा विचार लवकर होतो. खळगीचे हाड बरेच झिजले असल्यास खवाट्याच्या हाडाचा एक तुकडा पुढे बसवतात. ही लाटार्जे शस्त्रक्रिया १९५४ पासून ज्ञात आहे. ए.सी. सांध्याच्या सौम्य इजा बहुतेक विश्रांती व व्यायामाने बऱ्या होतात. शस्त्रक्रियेनंतर झुंजीकडे परतण्यास साधारण सहा महिने लागतात. पण दिनदर्शिकेपेक्षा दुसऱ्या हाताइतकी ताकद आणि निर्धास्त हालचाल हाच खरा निकष आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दुखणे दबते, म्हणून ते घेऊन मैदानात उतरणे घातक आहे. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार अशी सर्व इंजेक्शने स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत.

अशा इजेची किंमत मोठी असू शकते. दोन ऑलिंपिक पदके मिळवलेले सुशील कुमार २०१५ साली खांद्याच्या दुखापतीमुळे लास व्हेगसच्या जागतिक स्पर्धेत उतरले नाहीत, आणि त्यांच्या ७४ किलो गटातील रिओ ऑलिंपिकची जागा तिथे कांस्यपदक मिळवणाऱ्या महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांनी देशाला मिळवून दिली.

खेळ सोडल्यावरही प्रश्न संपत नाही. अनेकदा निखळलेल्या सांध्यात पुढे झीज होते, आणि चाळिशीनंतर डाव दाखवताना झालेल्या किरकोळ पडण्यातूनही रोटेटर कफची कंडरा तुटू शकते. पडल्यानंतर हात उचलण्याची ताकद एकाएकी गेली तर आठवडेच्या आठवडे मालिश करत बसू नये. तुटलेली कंडरा मागे खेचली जाते, तिच्या स्नायूत चरबी साचते आणि त्यानंतर ती शिवून जोडणे अवघड होऊन बसते.