दातांच्या फिलिंग मटेरियलची लॅब टेस्टिंग

दातात भरायचं कॉम्पोझिट (रेझिन आणि बारीक कणांचं दाताच्या रंगाचं मिश्रण), ग्लास आयोनोमर सिमेंट, सिरॅमिक, अमाल्गम (पारा आणि चांदीसारख्या धातूंचं मिश्रण) वगैरे पेशंटच्या तोंडात जाण्याआधी लॅबमध्ये तपासतात, ती ही टेस्टिंग. सुरुवात अमाल्गमपासून झाली. 1919 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सला अमाल्गम तपासून द्यायला सांगितलं, त्यातूनच पुढे मानकं लिहायची पद्धत पडली. आता बहुतेक ठिकाणी आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची मानकं वापरतात, कॉम्पोझिटसाठी 4049 नंबरचं, सिरॅमिकसाठी 6872.

सगळ्यात जास्त केली जाते ती वाकवून तोडायची टेस्ट. कॉम्पोझिटची 25 मिमी लांब आणि 2 बाय 2 मिमी जाडीची पट्टी साच्यात बनवतात, 37 डिग्रीच्या पाण्यात ठेवतात, 24 तासांनी 20 मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध दाब देतात आणि ती कितीला तुटते ते बघतात. चावायच्या पृष्ठभागावर लावायच्या, साध्या लाइट क्युअर (लाइट मारून कडक करायच्या) कॉम्पोझिटला किमान 80 मेगापास्कल (ठरावीक क्षेत्रफळावर किती जोर सोसतो ते मोजायचं एकक) लागतात. ऐकायला सोपं वाटतं पण खरी मेहनत पट्टी बनवण्यातच आहे, कारण लाइटचं टोक पट्टीपेक्षा लहान असतं म्हणून थोडं थोडं पुढे सरकवत क्युअर करावं लागतं, आणि आत एक हवेचा बुडबुडा राहिला किंवा कडेला चरा पडला तरी पट्टी लवकर तुटते. म्हणून एकाच मटेरियलच्या पट्ट्या वेगवेगळे आकडे देतात, आणि नुसती सरासरी छापून मोकळं होणं मला तरी अजिबात पटत नाही, फरक किती होता तेही द्यायलाच पाहिजे.

लाइट किती खोल पोचतो हे बघायला साच्यात भरून एका बाजूने क्युअर करतात, खालचा मऊ भाग खरवडून काढतात आणि उरलेल्या लांबीचा अर्धा भाग खोली म्हणून धरतात. अर्धाच का, तर खरवडून न निघालेलं सगळंच नीट क्युअर झालेलं असतं असं नाही. पाणी शोषणं आणि विरघळणंही मोजतात, शोषण घनमिलिमीटरला 40 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही.

दाताला चिकटण्याची टेस्ट सर्वात अवघड. काढलेल्या दाताच्या डेंटिनवर (इनॅमलच्या आतल्या थरावर) मटेरियल चिकटवून ओढतात किंवा बाजूने ढकलतात. जोडाचं क्षेत्रफळ 1 चौरस मिमीच्या आसपास असेल तर आकडा मोठा येतो, मोठं असेल तर लहान येतो, कारण मोठ्या जोडात दोष सापडायची शक्यता जास्त, त्यामुळे दोन वेगळ्या पद्धतींचे मेगापास्कल शेजारी ठेवून हे मटेरियल भारी की ते असं ठरवू नये. त्यात दात कुणाचा, किती दिवस साठवलेला, डेंटिन वरचं की पल्पजवळचं (दाताच्या आतल्या नसेजवळचं), यानेही फरक पडतो.

तोंडातलं थंड-गरम आणायला नमुने 5 आणि 55 डिग्रीच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात, याला थर्मोसायकलिंग म्हणतात. यात जोड थकतो, आणि पाण्यात महिनोन्महिने ठेवलं तर रेझिनचा जोड पाण्यामुळे हळूहळू सुटतो, म्हणून फक्त 24 तासांचा आकडा बघून फिलिंग किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही, त्यासाठी पेशंटवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदीच लागतात.