हिरवा रंगच नसलेला हिरवा सरडा

व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ परवा पुन्हा आला. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, रंगीत चष्म्यांवरून चालतोय. लाल चष्म्यावर लाल होतोय, निळ्यावर निळा. ही निव्वळ कॉम्प्युटरची करामत! पायाखाली काय आहे ते बघून शॅमेलिऑन रंग बदलत नाही. तो बदलतो चिडला की, मादी दिसली की, नाहीतर ऊब हवी असली की. गार सकाळी तो काळपट होतो, म्हणजे ऊन जास्त शोषलं जातं.

पण बदलतो कसा? पेशीतले रंगद्रव्याचे कण पसरतात किंवा गोळा होतात, अशी बरीच वर्षं समजूत होती. गडद-फिकट होण्यापुरती ती खरीही आहे. मात्र २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत वेगळंच काही दाखवलं: अतिसूक्ष्म स्फटिकांची शिस्तशीर जाळी. स्फटिक ग्वानिनचे, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाचे. माशाच्या खवल्यांची चंदेरी चमकही त्याचीच. नर निवांत असताना हे स्फटिक दाटीवाटीने बसतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर, म्हणून आपल्याला दिसतो हिरवा. हिरवं द्रव्य नाहीच! दुसरा नर समोर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं, जाळी जास्त तरंगलांबीचा, म्हणजे पिवळ्या-लालकडचा प्रकाश परतवू लागते आणि हिरवा गडी काही मिनिटांत पिवळा पडतो.

ताळा पाहायला त्यांनी कातडीचा तुकडा खारट द्रावणात ठेवला. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीसारखं पेशींतलं पाणी बाहेर आलं, त्या आक्रसल्या, स्फटिक जवळ आले आणि रंग लालकडून निळ्याकडे सरकला.

तेव्हा पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला सरडा म्हणणं सरड्यावर अन्याय आहे. हा बिचारा मनातलं अंगावर दाखवतो.

भारतात शॅमेलिऑनची एकच जात, आपला घोयरा. कुंपणावर मान हलवणारा, विणीच्या दिवसांत लालबुंद होणारा सरडा वेगळा. घोयऱ्याची बोटं चिमट्यासारखी जुळलेली, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे, आणि चाल अशी की वाऱ्याने पान डुलावं. तो विषारी म्हणून लोक ठेचतात. त्याला विष मुळीच नाही. रात्री झुडपांवर टॉर्च फिरवून बघा. काळ्या पानांत एखाद्या काटकीच्या टोकाशी, शेपटीची गुंडाळी करून, फिकट पडलेला घोयरा झोपलेला सापडतो.