घाम निघाला की दम लागला?

मे महिन्यात मुंबईत लोकलची वाट पाहत नुसतं उभं राहिलं तरी शर्ट पाठीला चिकटतो. जानेवारीत पुण्यात पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या भराभर चढलं तर कपाळ जेमतेम ओलं होतं, छाती मात्र भात्यासारखी चालत असते. तरीही "आज मस्त घाम निघाला" हेच व्यायामाचं माप समजलं जातं.

घाम ही शरीर थंड ठेवण्याची सोय. तो वाळताना कातडीची उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की वाळत नाही, नुसता ओघळतो, म्हणून जास्त दिसतो. प्लॅस्टिकचा सूट घालून पळणाऱ्यांचं तासाभरात वजन उतरतं ते पाण्याचं. तांब्याभर पाणी प्यायलं की परत. चरबी त्या वाटेनं जात नाही, आणि उन्हाळ्यात हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

दम लागतो तो वेगळ्या कारणानं. स्नायू जोरात काम करू लागले की ऑक्सिजन जास्त लागतो, कार्बन डायऑक्साइडही जास्त तयार होतो आणि श्वास वाढतो. एरवी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलणारं हृदय त्याच्या कितीतरी पट ढकलू लागतं. हाच ताण आठवड्यामागून आठवडे मिळत राहिला की शरीर बदलतं. यानं फुफ्फुसं मोठी होतात असं पुष्कळांना वाटतं, पण मुख्य बदल होतो हृदयात आणि स्नायूंत. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पाठवतं, म्हणून बसल्या जागची नाडी मंदावते. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात.

माझी आई साठीनंतर पर्वती चढायला लागली. पहिल्या आठवड्यात तीनदा कठड्याला टेकायची, तोंडातून शब्द फुटत नसे. अडीच महिन्यांनी भाजीचे भाव सांगत सांगत वर पोचली. पण घाम आधीपेक्षा लवकर येतो, म्हणून हिरमुसली होती. खरं तर सरावलेलं शरीर लवकर घाम सोडायला शिकतं. ते सुधारणेचंच लक्षण होतं.

तेव्हा मोजायचा तो दम. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं असा व्यायाम सांगते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही. त्या घेणाऱ्यांसाठी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यापेक्षा ही बोलण्याची खूण भरवशाची.

मात्र काहीही न करता थंड घाम फुटला, दम लागला, छातीवर दाब आला, तर पाणी पिऊन वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा.